काळ्या मातीवरचं घर

स्लॅब टाकून झाला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. मिक्सर थांबला, घमेली उचलणाऱ्या बायका डोक्यावरची चुंबळ काढून पायऱ्यांवर टेकल्या, आणि आमच्या मिस्त्रींनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत मला बजावलं, "काका, आमचं काम झालं. आता तुमचं. एकवीस दिवस पाणी मारायचं. एक दिवस बी चुकवायचं नाही." नारळ त्यांनीच आणला होता, त्यांच्या रिवाजाप्रमाणे. प्रार्थना मी केली, आमच्या. स्लॅबला दोन्ही चाललं.

एप्रिल संपत आला होता. सोलापूरचा एप्रिल बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पारा ४२ च्या पुढे जातो आणि रात्री दहालाही भिंतीला पाठ टेकवत नाही. त्यात आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड. पिण्याचं पाणी मोजून वापरायचं आणि छताला मात्र सकाळ-संध्याकाळ हात सैल सोडून द्यायचं, हा हिशोब आमच्या हिच्या पचनी पडायला दोन दिवस लागले.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दगडविटांशी माझा संबंध रक्ताचा, हाताचा नाही. आजोबा गवंडी होते. मूळचे मंगळवेढ्याकडचे, गावकुसाबाहेरचे. ख्रिस्ती झाल्यावर सोलापूरला आले आणि दगड घडवायला शिकले. वडील गिरणीत लागले, मी खडू धरला. दगड, सूत, खडू. हा चढ की उतार, ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमची जुनी खोली आजोबांनी स्वतः बांधलेली, दोन खणांचं माळवद. यंदा ती पाडून खाली एक आणि वर एक अशा दोन खोल्या काढायचं ठरलं, कारण मुलगी-जावई येतात तेव्हा अंथरुणं दारात येतात.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, असतो. पाळकसाहेब एकदा वाळूच्या ढिगावरून वाट काढत आत आले, सलाम केला आणि हसत म्हणाले, "सर, पुढचा अभ्यास तुमच्याकडे. विषय, पवित्र शास्त्रातलं बांधकाम. तयारी तर चालूच आहे तुमची." मला वाटलं, सोपं आहे. खडकावरचं घर, कोनशिला, जिवंत दगड. शब्बाथ शाळेत मुठीवर मूठ ठेवून म्हटलेली गाणी. दोन संध्याकाळींचं काम.

मार्चात माळवद उतरवायला घेतलं. ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि काटक्या, त्यांवर लिंबाचा पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती चोपून बसवलेली. धूर जायला आणि उजेड यायला मधोमध एक भोक, त्याला साणं म्हणतात. पावसाळ्याआधी दरवर्षी वर चढून नवी माती टाकायची, बडवायची. तरी पहिल्या मोठ्या पावसात कुठूनतरी टिपकायचंच आणि आजी त्या ठिपक्याखाली पितळी घंगाळ ठेवायची. वर गवत उगवायचं, हिरवंगार. आठ दिवस ऊन पडलं की पिवळं होऊन वाऱ्यानं उडून जायचं. छपरावरचं गवत वाढण्याआधीच सुकतं, कापणाऱ्याची मूठसुद्धा त्यानं भरत नाही, असं १२९ व्या स्तोत्रात आहे. सिमेंटच्या घरात वाढलेल्या माझ्या मुलीला ते समजावून सांगावं लागलं. मला कधी लागलं नाही.

येशूच्या गोष्टीतल्या कफर्णहूम गावच्या घराचंही तसंच. येशू आत बोलत होता, दारात माणूस मावत नव्हता, म्हणून चौघांनी आपल्या पक्षाघाती मित्राला वर नेलं, छप्पर उकरलं आणि त्याला बाजेसकट खाली सोडलं. छप्पर उकरायचं कसं, हा प्रश्न ज्याला पडतो त्यानं पत्रा किंवा कौलं डोळ्यांसमोर आणलेली असतात. त्या गालील प्रांतातली साधी घरं अशीच होती, लाकडं, फांद्या आणि वर चोपलेली माती. साणं थोडं मोठं केलं की माणूस खाली येतो. आजी ही गोष्ट ऐकली की दर वेळी तेच म्हणायची. तो चालायला लागला हे चांगलंच झालं, पण त्या घरवाल्याची माती नंतर कुणी चोपून दिली? आम्ही हसायचो. आता माळवद उतरवताना तो ढिगारा पाहिला आणि कळलं, आजी चेष्टा करत नव्हती. दरवर्षी पाटी डोक्यावर घेऊन वर चढणारी तीच होती.

गंमत पुढेच आहे. मार्क आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, छप्पर उकरल्याचं लिहितो आणि लूक तीच गोष्ट सांगताना कौलं काढल्याचं लिहितो. अभ्यासकांचं म्हणणं असं की लूकचे वाचक ग्रीक-रोमन शहरांतले, कौलारू घरांत राहणारे, म्हणून त्यानं घर त्यांच्या गावचं केलं. मी हे पूर्वी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. पण पायाच्या खणकामाला सुरुवात झाली आणि पुन्हा लूकच समोर आला.

सोलापूरची जमीन काळी. कापसाला, ज्वारीला सोनं. घराला मात्र वैरीण. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकलेलं घर वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा खाली बसतं. मग दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. आमच्या गल्लीत अशी चीर नसलेलं घर शोधावं लागेल. आमच्या मिस्त्रींनी साडेचार फूट खणून घेतलं तरी काळीच. मी वरून विचारलं, "अजून किती?" खड्ड्यातून उत्तर आलं, "मुरूम लागस्तोवर ओ काका. मोजून नसतंय ते." साडेसहा फुटांवर मुरूम लागला. सळईचं टोक मारलं की आवाज बदलला. त्या साडेसहा फुटांचे पैसे माझ्या अंदाजपत्रकात नव्हते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात शहाणा माणूस खडकावर बांधतो आणि मूर्ख वाळूवर. वाळू हा ओढ्याकाठचा धोका. पॅलेस्टाईनमधले ओढे उन्हाळ्यात कोरडे असतात, सपाट आणि मोहात पाडणारे, आणि पाऊस झाला की तासाभरात लोंढा आणतात. लूकच्या सहाव्या अध्यायात वाळू नाहीच. तिथे एकजण पाया न घालता नुसत्या मातीवर घर बांधतो, आणि दुसरा खणतो, खोल जातो, मग खडकावर पाया घालतो. लूकनं इथेही घर आपल्या वाचकांच्या जमिनीवर आणलेलं दिसतं. आणि ती जमीन आमच्या जमिनीच्या फार जवळची आहे. खडक आमच्याकडेही आहे, आमचा सगळा मुलूखच काळ्या कातळावर बसलाय. तो वर दिसत नाही एवढंच. मत्तय वाचून वाटतं, जागा निवडली की झालं. लूक म्हणतो, जागा तीच असेल, तू किती खणलंस ते सांग. दोन्ही घरं वरून सारखी दिसतात हे मला कधी नीट सुचलंच नव्हतं. रंग, खिडक्या, दारावरचं तोरण सगळं तेच. फरक त्या साडेसहा फुटांत, आणि तो खड्डा बुजवल्यावर कुणाला दाखवता येत नाही. पाहुणे आल्यावर आपण त्यांना फरशी दाखवतो.

जुनी भिंत उतरवताना ईशान्येच्या कोपऱ्यातून तळाचा दगड निघाला. काळा, घडीव, दोन अंगांनी तासलेला, दोघांना हलणार नाही असा. कडांवर आजोबांच्या टाकीचे घाव अजून मोजता येत होते. मी भावुक झालो. मिस्त्री झाले नाहीत. "आरसीसीत काय उपयोग नाही काका याचा. कॉलमवर वजन जातंय." मी म्हटलं, ही कोनशिला आहे. ते म्हणाले, "कोनशिला लावायला मंत्री कुठून आणणार?"

त्यांचं चुकलं नव्हतं. मराठीत आता कोनशिला म्हटलं की संगमरवराची पाटी डोळ्यांपुढे येते. समारंभ, रेशमी पडदा, बटण, टाळ्या, आणि नावांची उतरंड, कुणाचं वर कुणाचं खाली यावरून आठवडाभर रुसवे. ती पाटी काढून घेतली तर इमारतीचं काही बिघडत नाही. ज्या शब्दाचा अर्थ सगळ्या भिंतीचा आधार असा होता, तो शब्द जिच्यावर चिमणीचंही वजन पडत नाही अशा फळीला मिळाला. मराठीच्या मास्तराला याचं वाईट वाटणारच.

दगडी बांधकामात कोपरे आधी उभे राहतात. कोपऱ्याचा दगड दोन भिंतींत असतो म्हणून तो दोन्ही अंगांनी गुण्यात, म्हणजे काटकोनात, हवा. मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची आणि मधले दगड त्या दोरीला धरून बसवायचे. पहिला दगड बोटभर वाकडा तर भिंतीच्या शेवटाला हातभर. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, २८ व्या अध्यायात, देव सियोनात, म्हणजे यरुशलेमात, पारखलेला, मोलाचा कोपऱ्याचा दगड पायात बसवतो, आणि लगेच पुढच्याच वाक्यात न्यायाची दोरी आणि नीतिमत्त्वाचा ओळंबा येतो. दगड बसला की दोरी लावायचीच, हे लिहिणाऱ्यानं काम जवळून पाहिलेलं असणार. मूळ शब्दांवरून हा दगड पायातला की वरच्या माथ्यावरचा, असा वाद आहे. मला पायातला पटतो, कारण येशूचा शिष्य पेत्र त्याच दगडाला ठेच लागण्याचा दगडही म्हणतो, आणि ठेच लागायला दगड पायाशीच हवा.

ओळंब्याचा धडा मला वेगळा मिळाला. विटांची भिंत कमरेएवढी आली होती. मिस्त्रींनी ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं आणि पोराला म्हणाले, "वरचे तीन थर काढ." मला तर भिंत सरळ दिसत होती. पोरगं कुरकुरलं. मीही, खरं सांगतो, विटांच्या हिशोबानं बोललो, "राहू द्या की, प्लास्टरमध्ये निघेल." त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "प्लास्टर झाकतंय काका. सरळ करत नाही." त्या रात्री यहेज्केल संदेष्ट्याचा तेरावा अध्याय काढला. लोक कच्ची भिंत बांधतात आणि खोटे संदेष्टे तिला वरून चुना लावत जातात. या चुनेवाल्यांवर देवाचा राग भिंत बांधणाऱ्यांहून जास्त दिसतो. माझ्या तीस वर्षांच्या शिक्षकी आयुष्यात मी किती ठिकाणी 'प्लास्टरमध्ये निघेल' म्हटलं असेल याची यादी करायला घेतली होती. पहिल्या पानावर सोडून दिली.

११८ व्या स्तोत्रात बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगडच कोपऱ्याचा झाला, असं म्हटलंय. येशूनं ते वचन स्वतःकडे वळवलं. आमच्या घरात ते आणखी एका माणसाकडे वळायचं. आजोबा मंगळवेढ्याचे, म्हणून चोखोबांचे गावकरी. गावाचं कूस बांधायला वेठीला धरलेल्या मजुरांत चोखोबा होते, भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले. परंपरा १३३८ हे साल सांगते. नामदेव तिथे आले तेव्हा हाडांचा ढीग सगळा सारखाच. त्यांनी एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती उचलून पंढरपूरला नेली. आज महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्या समोर चोखोबांची समाधी. महाद्वारातून आत जाणारा प्रत्येक जण त्या दोघांजवळूनच जातो. जिवंतपणी ज्याला दाराच्या आत घेतलं नाही तो दारातच बसला. पुढे १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं आणि ते दार अस्पृश्यांना उघडलं. आजोबा तोवर ख्रिस्ती होऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी ती बातमी आली त्या दिवशी ते काम अर्धं टाकून घरी आले आणि माळवदावर जाऊन बसले, असं वडील सांगत. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही त्याचा अर्थ लावायला जाणार नाही. चोखोबा विठ्ठलाचे आहेत, त्यांना ओढून आमच्या शास्त्रात बसवायचं नाही. पण गावाची भिंत बांधताना मरायचं आणि त्या भिंतीच्या बाहेर राहायचं, हे ज्यांच्या घरात घडून गेलंय त्यांना नाकारलेल्या दगडाची गोष्ट कुणी फोड करून सांगावी लागत नाही.

आता एका शब्दाविषयी, कारण अभ्यासाची तयारी करताना यानंच मला सगळ्यात जास्त वेळ अडकवलं. आमच्या मराठी शास्त्रात 'उन्नती' हा शब्द प्रेषित पौलानं मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत पुन्हापुन्हा येतो. ज्ञान फुगवतं, प्रीती उन्नती करते. एकमेकांची उन्नती करा. आम्ही तो इतका ऐकलाय की प्रार्थनेत सवयीनं येतो, 'मंडळीची उन्नती होवो', आणि मनात कुठेतरी बढती, पगारवाढ, मुलाचं परदेशात जाणं अशी चित्रं सरकतात. मूळ ग्रीक शब्द आहे ओइकोदोमे. ओइकोस म्हणजे घर. ओइकोदोमे म्हणजे घर बांधणं, सरळ बांधकाम. उन्नती या शब्दात काहीतरी वर जातं. बांधकामात वर जायचं तर आधी कुणीतरी खाली वाकून माल कालवावा लागतो. हा शब्द शिकवताना मीच वर्गात 'उत् अधिक नती' अशी फोड केली असेल आणि तिथेच थांबलो असेन.

करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला पौलानं हे लिहिलं तेही विचार करण्यासारखं. त्यांचं शहर इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलेलं, शंभरेक वर्षं ओसाड पडलेलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरच्या हुकमानं पुन्हा वसवलेलं. त्यांना तो म्हणतो, मी कुशल कारागिरासारखा पाया घातला, त्यावर आता दुसरा बांधतोय. सोनं, रुपं, मोलवान दगड वापरा नाहीतर लाकूड, गवत, पेंढा वापरा, आग पारख करेल. जळक्या शहराच्या ढिगाऱ्यावर उभं राहिलेल्या गावाला आग म्हणजे काय ते सांगायला नको होतं. येशूलाही आपण सुतार म्हणतो. तिथला ग्रीक शब्द तेक्तोन, म्हणजे लाकडात किंवा दगडात बांधकाम करणारा कारागीर. नासरेथपासून पायी तासा-दीड तासावर सेप्फोरिस शहर तेव्हा हेरोद अंतिपाच्या हुकमानं नव्यानं बांधलं जात होतं. योसेफ आणि त्याचा मुलगा तिथे रोजावर जात असतील, असं काही अभ्यासकांना वाटतं. पुरावा नाही. पण खणून खोल जाण्याचा दृष्टान्त सांगणाऱ्यानं कधी फावडं धरलंच नसेल, असं मला तरी वाटत नाही.

आणि मग यिर्मया आला.

तो शनिवार होता, स्लॅबच्या आधीचा. शनिवारी हजेरीचे पैसे द्यायचे असतात. मिस्त्री, दोन गवंडी, चार बिगारी. मी सांगितलं, "बँक बंद आहे, सोमवारी देतो." बँक खरंच बंद होती, चौथा शनिवार. पण कपाटात पैसे होते. ते फरशीच्या आगाऊ रकमेसाठी वेगळे ठेवले होते. दुकानदार म्हणाला होता, सोमवारी भाव वाढतोय. मिस्त्री "बरं" म्हणाले आणि सायकलला टाच मारून गेले. रात्री मी टेबलावर शास्त्र उघडून बांधकामाची वचनं शोधत बसलो होतो.

आधी शलमोन राजाचं मंदिर वाचलं. राजांच्या पहिल्या पुस्तकात सगळा हिशोब आहे. लबानोनात ३०,००० वेठबिगार, महिन्याला १०,००० अशा पाळीनं. ७०,००० ओझी वाहणारे. डोंगरात ८०,००० दगड फोडणारे. मंदिराला सात वर्षं लागली. पुढच्याच ओळीत, त्याच्या स्वतःच्या वाड्याला तेरा. लिहिणाऱ्यानं टीका केलेली नाही, नुसते आकडे शेजारी ठेवलेत. दगड खाणीतच घडवून आणले, म्हणून मंदिराच्या जागी हातोड्याचा आवाज ऐकू आला नाही, असंही आहे. हे मला लहानपणी फार पवित्र वाटायचं. आता वाटलं, आवाज झालाच असणार, डोंगरात, त्या ८०,००० जणांच्या कानांत. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' म्हणताना आपण दगडाचं कौतुक करतो. टाकी धरणाऱ्याचे हातही सोलवटतात.

तिथून बोट यिर्मया संदेष्ट्याच्या २२ व्या अध्यायावर गेलं. यहोयाकीम राजाला उद्देशून आहे. जो अधर्मानं घर आणि अन्यायानं माड्या बांधतो, शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेतो, त्याचं मजुरीचं देणं देत नाही, तो हायहाय करील. प्रशस्त घर, हवेशीर वरच्या खोल्या, मोठ्या खिडक्या, गंधसरूचे तक्ते, हिंगुळाचा रंग. हवेशीर वरची खोली. मी वर पाहिलं. सेंट्रिंगच्या फळ्यांमधून आकाश दिसत होतं.

मी स्वतःला समजावायला लागलो. फुकट कुठे राबवतोय, सोमवारी देणारच आहे. पण एकदा शास्त्राची शब्दसूची उघडली की ती सोडत नाही. लेवीय हे पुस्तक, अध्याय १९: मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत तुझ्याजवळ राहू नये. अनुवाद नावाचं पुस्तक, अध्याय २४: सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचा जीव तिच्यात लागलेला असतो. म्हणजे सोमवार तर सोडाच, मी शनिवारच्या संध्याकाळीच चुकलो होतो.

रविवारी उपासनेच्या आधी स्कूटर काढली. मिस्त्रींचं घर म्हणजे भाड्याची पत्र्याची खोली. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले. ज्यानं माझ्या भिंतीचे तीन थर अर्ध्या बोटासाठी उतरवले त्याच्या दाराला कडी नव्हती, सुतळी होती. पैसे त्यांच्या बायकोनं घेतले आणि माझ्यासमोरच मोजले. मोजून झाल्यावर म्हणाली, "बरं केलात. आज किराणा भरायचा होता." पोरांचे पैसे मिस्त्रींनी शनिवारीच कुठूनतरी उसने घेऊन भागवले होते, हे मला तिथे कळलं. मी माफी मागितली तेव्हा ते अवघडले. "असू द्या की ओ काका, होतंय." हे 'होतंय' मला झोंबलं ते अजून आहे. म्हणजे हे नेहमीचंच.

बोलता बोलता रे नगरचा विषय निघाला. कुंभारीला विडी कामगार, यंत्रमाग कामगार, बांधकाम मजूर यांच्यासाठी ३०,००० घरांची वसाहत ठरली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. सोलापूरकरांना हे सांगायला नको. त्याआधी विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत, १०,००० घरांची, तिथेच उभी राहिली. मिस्त्री म्हणाले, "नाव घालायचं राहिलं. तवा मी पुण्याला कामावर होतो. टॉवर चालू होता." यशयाच्या शेवटाशेवटाला नव्या यरुशलेमेचं वर्णन आहे. तिथे सोन्याचे रस्ते नाहीत. तिथे एवढंच आहे की लोक घरं बांधतील आणि त्यांत स्वतः राहतील. एकानं बांधावं आणि दुसऱ्यानं राहावं असं होणार नाही. हे वचन मी कितीदा वाचलंय. बांधणाऱ्याच्या पत्र्याखाली बसून एकदाही आठवलं नव्हतं.

स्लॅबला पाणी मारायला लागलो तसा मी जरा पोपटपंची सोडली. मिस्त्रींनी स्लॅबवर सिमेंटचे बारके बांध घालून भाताच्या खाचरासारखे वाफे करून दिले होते, त्यांत पाणी उभं राहायचं. पाणी छत थंड करायला नसतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. पाणी लवकर आटलं तर ती क्रिया अर्ध्यावर थांबते. वरून छत कडक दिसतं, आतून कच्चं राहतं. ताकद बऱ्यापैकी यायला २८ दिवस लागतात. पहाटे पाचला उठून पाईप धरताना यात भक्तीभाव काही नसतो, झोप असते. काही दिवस प्रार्थना केली, काही दिवस फक्त डास मारले.

नवव्या दिवशी नळ आला नाही. दहाव्या दिवशीही नाही. हौदात फूटभर पाणी उरलं आणि ही म्हणाली, "आता छत की चहा, सांगा." मी टँकरवाल्याला फोन लावत होतो तेवढ्यात शेजारच्या अक्का त्यांच्या गच्चीच्या कठड्यावर आल्या. तेलुगूतून काहीतरी पुटपुटल्या, मग मराठीत म्हणाल्या, "बोअर चालू करू का? पाईप टाका इकडं." त्यांच्या हातात विडीचं सूप होतं, पानं तशीच. पाईप आमच्या गच्चीवर आला. त्या विड्या वळत तिथेच बसल्या आणि मधूनमधून सांगत राहिल्या, "तो कोपरा राहिला सर. तो बघा."

शास्त्रातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय ही नुसती नावांची यादी आहे; लहानपणी वाचन माझ्या वाट्याला आलं की घाम फुटायचा. यरुशलेमचा पडलेला तट ५२ दिवसांत उभा राहिला, त्यात कुणी कुठला तुकडा बांधला याची ती नोंद. सोनार आहेत, अत्तरवाले आहेत, शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याच्या मुली आहेत. पुष्कळांपुढे एवढंच लिहिलंय की त्यानं आपल्या घरासमोरचा भाग बांधला. तकोवा गावच्या बड्या लोकांनी मात्र मान वाकवली नाही, हेही नाव न घेता नोंदवून ठेवलंय. अडीच हजार वर्षं झाली, ते लोक त्या एका ओळीत तसेच ताठ उभे आहेत. अक्कांची नोंद मी माझ्या वहीत केली, बोअरच्या पाण्याच्या तासांसह.

अभ्यास सतराव्या दिवशी झाला. स्लॅबखालचे टेकू अजून काढले नव्हते, त्यामुळे मंडळी त्या लाकडांच्या जंगलात सतरंज्या टाकून बसली. माझ्याकडे आठ पानांची टिपणं होती. कोनशिला, ओइकोदोमे, यशया, सगळं. मी फक्त शनिवारच्या पैशांची गोष्ट सांगितली आणि यिर्मया वाचला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "सिमेंट काय भावानं पडलं?" आणि चर्चा तिकडे गेली ती चहापर्यंत. निघताना मात्र एक बाई हिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमच्या भांडेवालीचे दोन महिन्यांचे राहिलेत." ही मला रात्री म्हणाली.

वरच्या गच्चीला कठडा अंदाजपत्रकात नव्हता. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात नवं घर बांधशील तर छपराला कठडा कर, कुणी पडून तुझ्या घरावर रक्ताचा दोष येऊ नये, असं आहे. ते मी मिस्त्रींना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "हे आम्ही पण सांगतोयच की. तुमीच म्हणलात नंतर बघू." उन्हाळ्यात सोलापूर गच्चीवर झोपतं. नातू आता रांगायला लागलाय. कठडा तीन फुटांचा झाला. फरशी मग साधी शहाबादी बसवली.

राहिला आजोबांचा दगड. मला तो दर्शनी भागात हवा होता, वर एखादं वचन कोरून. कोरणाऱ्यानं दगड वाजवून पाहिला आणि सांगितलं, फार कठीण आहे, अक्षरं उठणार नाहीत, संगमरवर घ्या. मी अंगणात त्याच्याभोवती दोन दिवस फिरलो. तिसऱ्या दिवशी हिनं मिस्त्रींना आणि पोराला चहा पाजला आणि दगड मागच्या मोरीत बसवून घेतला, तासलेली बाजू वर, थोडा उतार देऊन. मी शाळेच्या पेन्शनच्या कामासाठी बाहेर गेलो होतो. आलो तर मागून धपाधप आवाज येत होता. ही आमची जुनी सोलापुरी चादर त्या दगडावर आपटत होती. ओली चादर दोघांना उचलणार नाही इतकी जड होते, ज्यानं धुतलीय त्याला माहीत. दगड जागचा हलत नव्हता.

मी काहीतरी बोलणार होतो. ती म्हणाली, "उभे काय राहिलात, दुसरं टोक धरा."